गंजाची जाडी

लोहाराने तलवार टेबलावर आपटली तशी संग्रहालयाच्या अधिकाऱ्याची पेनं घरंगळत खाली गेली.

"सात किलो," लोहार म्हणाला. "तुम्ही सांगितलीत, मी घडवली. आता याच्याकडे बघा."

दारात त्याचा धाकटा भाऊ उभा होता. दोन वर्षं तो रोज दुपारी खालच्या दालनात हीच तलवार फिरवून लोकांना जुन्या योद्ध्याचे डाव दाखवायचा. दहा दिवसांपूर्वी भर प्रयोगात त्याचा खांदा निखळला, तलवार सुटली आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हापासून हात गळ्यात आणि मान खाली. घरी एकच धोशा लावला होता: मीच कमी पडलो.

"वाईट झालं," अधिकारी म्हणाला. "पण खरं सांगू? त्या काळची माणसंच वेगळी. आपल्याला काय झेपणार! दुसरा कुणी दणकट बघू."

धाकट्याने निमूट मान डोलावली. ते पाहून लोहाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने खिशातून हातोडी आणि एक खिळा काढला. कुठल्याशा जुन्या दाराचा, गंजून अंगठ्याएवढा जाड झालेला. खिडकीच्या दगडी कठड्यावर ठेवून त्याने हातोडीचे दोन ठोके घातले. तांबड्या खपल्या उडाल्या. आत काडीएवढं लोखंड उरलं.

"लोखंड गंजलं की फुगतं, साहेब. खाली काचेच्या पेटीतली मूळ तलवार शेकडो वर्षं मातीत फुगलीय. तुम्ही त्या गंजाला पट्टी लावलीत आणि मला म्हणालात, एवढीच जाड कर, भरीव. आणि मी गाढव! मोठं काम मिळालं म्हणून हुरळलो, मूग गिळून बसलो."

अधिकाऱ्याने कागदांवरच्या खपल्या फुंकरीने उडवल्या. "एक्स-रेतही तसंच दिसलं म्हणा. आतलं पातं बारीक आहे. सव्वा किलो भरली असेल फार तर."

"कधी आला एक्स-रे?"

"झाला असेल महिना. पण खाली पाटीवर सात किलो लिहिलंय ना. लोक तेच बघायला येतात. सव्वा किलो म्हटलं तर कोण फिरकेल इकडे?"

महिना. आणि खांदा गेला दहा दिवसांपूर्वी. लोहाराने हातोडी मुद्दाम खिशात कोंबली. हातात राहिली असती तर भलतंच काही होऊन बसलं असतं.

"हात पुढे करा," तो म्हणाला.

त्याचा आवाजच असा होता, की अधिकाऱ्याने हात पुढे केले. लोहाराने तलवार उचलून मूठ त्याच्या उजव्या हातात दिली आणि डावा हात बाजूला सारला.

"पाटी उतरवून येतो. तोवर अशीच धरायची. खाली टेकवायची नाही."

"अहो, पण..."

"त्याने दोन वर्षं धरलीय."

धाकट्याला तिथेच ठेवून लोहार निघाला. रागाने त्याचे कान अजून तापलेले होते. जिन्याची तिसरी पायरी उतरतो न उतरतो तोच वर लोखंड फरशीवर आदळलं. आणि पाठोपाठ ऐकू आलं, दहा दिवसांत पहिल्यांदाच, धाकट्याचं मोठ्याने हसणं.