खडूची खूण

त्या स्टुडिओत चौघी बहिणींना मिळून माइक एकच. जिचा आवाज मोठा, तिनं लांब उभं राहायचं. धाकटी व्हर्ना कायम सर्वांच्या मागं, खडूच्या खुणेवर. फुप्फुसाच्या आजारातून उठल्यावर ती आज पहिल्यांदाच गात होती. काचेपलीकडून ध्वनिमुद्रक हार्लन म्हणाला, “व्हर्ना, एक पाऊल पुढं ये.” मग, “अजून एक.” आता माइक ओठांशी आला, तरी तिचा आवाज ऐकू येईना. बाहेर बदली गायिका येऊन बसली होती. “मी जाते गं,” व्हर्ना पुटपुटली. “जा की, तुझ्या खुणेवर जा,” थोरली ल्युएला म्हणाली. व्हर्ना मागं खुणेवर गेली आणि बाकी तिघींनी आवाज इतका उतरवला, की चौघींचं गाणं सायीसारखं एकजीव झालं. “झोपेत गाताय की काय, बायांनो?” यंत्राचा आवाज वाढवत हार्लन कुरकुरला. त्या हिवाळ्यात ओहायोपासून टेक्सासपर्यंत आयांनी दिवे मंद करून त्याच रेकॉर्डवर बाळं झोपवली.