सेन्सरची वाटणी

“वाटणी करणाऱ्यांनी डोकं कुठं गहाण ठेवलं होतं म्हणते मी,” हेडक्लार्क कुसुमताई चहा ओतता ओतता पुटपुटल्या. राज्याचे दोन तुकडे झाले, तसे आमच्या पाणी तपासणीच्या ऑफिसचेही झाले. पाण्यात बुडवायचा सेन्सर आंध्राच्या वाट्याला गेला आणि आकडा दाखवणारा मीटर तेलंगणात राहिला, कारण दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत होते. सेन्सरबरोबर तो हाताळणाऱ्या पद्मागारू, म्हणजे आपल्या भाषेत पद्माबाई, विजयवाड्याला जाणार आणि मीटरपाशी हणमंतराव इथंच राहणार, अशी यादी सोमवारी पक्की होणार होती.

कुकटपल्लीच्या तलावात सांडपाण्यानं नायट्रेट किती वाढलं, ते बघायला पाच मिनिटं पुरतात. ही दोघं जेवणानंतर जायची ती दिवेलागणीला परतायची, आणि “पाणी हलत होतं, आकडा ठरत नव्हता,” असं एका सुरात सांगायची. दोघांची चाळिशी उलटलेली, दोघंही एकटी. त्यामुळं ऑफिसात सगळे गालातल्या गालात हसायचे, पण बोलायचं कुणी नाही.

आज हणमंतरावांनी सेन्सर पुसून डब्यात ठेवला, परत काढला, परत पुसला. “याला उन्हात ठेवू नका, पद्मागारू.”

“हौ. तुम्ही पण मीटरला जपा,” त्या डब्याकडे बघत म्हणाल्या.

कुसुमताईंनी किटली खाली आपटली.

“अहो, नवरा-बायको असतील तर सरकार एकाच राज्यात ठेवतंय. आता तरी लग्न करताय, की पाणी अजून हलतंच आहे?”