अकराशे पावलं

अंथरुणाला खिळलेल्या आप्पांची दिवसभराची हालचाल आपल्या मोबाईलवर दिसावी, म्हणून स्वरूपनं बंगळूरहून मनगटी पट्टा पाठवला. जयाबाईंनी तो नवऱ्याच्या हातावर बांधला. संध्याकाळी पोराचा फोन आला.

"आई, अकराशे पावलं! आप्पा चालाय लागले की गं!"

"चालतात कुठलं रं! तेल लावून हात चोळते, झुलवते मी त्यांचा. तेच मोजलं असंल त्यानं. तू रविवारी येतोयस न्हवं? वाट बघायलेत तुझी."

"मशीन खोटं बोलंल व्हय, आई? तब्येत सुधारलीय. आता गणपतीलाच येतो मी."

जांबोटीच्या रानात गुरांमागं हिंडून आयुष्य काढलेला माणूस दाराकडं तोंड करून पडला होता. जयाबाईंनी मन घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी फळीवरच राहिली. त्या हाताला त्यांनी दिवसभर बोट लावलं नाही. आता तरी पोराला कळेल.

संध्याकाळी फोन वाजला, तो त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"आई, आज शून्य दाखवतंय," स्वरूप म्हणाला. "पट्टा बिघडलाय. काळजी करू नको, दुसरा पाठवतो."