यंदाचं वाण

मांजलपूरच्या सोसायटीत मंदाकिनीबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. यंदा वाण म्हणून त्या लेकाच्या पहिल्यावहिल्या रॅप अल्बमच्या सीडी वाटत होत्या. चेअरमनच्या पत्नीनं कव्हरवरचं गटाराचं चित्र बघून सीडी ताटात परत ठेवली. “काय हे मंदाबेन, सणासुदीला गटारात मेलेल्यावरचं गाणं? त्यापेक्षा स्टीलची वाटी द्यायची ना!” मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज काही चढला नाही. “देते की वाटी. गेल्या वैशाखात आपलंच गटार उपसताना तो सफाईवाला गुदमरून गेला, तर तुमच्या यजमानांनी पोलिसांना सांगितलं, कोण होता ठाऊक नाही. तुम्ही त्याचं नाव सांगा, मी वाण बदलते.” चेअरमनबाईंना नाव सांगता येईना. “चौदा वर्षं येत होता हो तो,” म्हणत मंदाकिनीबाईंनी सीडी पुन्हा चेअरमनबाईंच्या हातात ठेवली. “नाव पहिल्याच गाण्यात आहे. ऐका.”