वाढ

द्वारकाबाईंच्या खानावळीत सकाळीच दर दाखवणारी नवी बोलकी पाटी बसली होती. जगाच्या बाजारात तेल, तूरडाळ किंवा गॅसचा भाव हलला की थाळीचा दर ती आपणहून बदलायची. तिला मराठीही कळतं, असं बसवणारा सांगून गेला होता.

दुपारी थाळी एकशे चाळीसला होती. रोजचे गिऱ्हाईक शेटे तलाठी जेवत होते.

"काकांना आमटी वाढ गं," बाई सुनेला म्हणाल्या.

"वाढ झाली. एकशे पन्नास," पाटी बोलली.

"अगं, तुला नाही, सुनेला म्हटलं वाढ."

"आणखी वाढ. एकशे साठ."

शेट्यांनी घाईघाईने ताटावर हात आडवा धरला. पण सून पडली आग्रहाची. "असं काय काका, थोडा भात तरी वाढते की," ती म्हणाली, आणि थाळी एकशे सत्तरवर गेली. कोपऱ्यातले दोघे ताटं तशीच टाकून चपला शोधू लागले.

मलेशियात पामतेल घसरल्याची बातमी बाईंनी सकाळीच ऐकली होती. पदर खोचून त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. "तेल स्वस्त झालंय. दर उतरव."

पाटी म्हणाली, "जुना माल संपू दे, मग बघू."

शेटे हात धुवायला उठले. "बाई, हिचं मराठी कच्चं आहे," ते म्हणाले, "पण धंदा पक्का आहे."