फिकट गाल

छातीचं दुखणं घेऊन टॉर्कीच्या समुद्रावर गेलेली फीबी चांगली गुटगुटीत होऊन लंडनला परतली, आणि जास्परची कविता अडली.

चेल्सी भागातल्या जास्परच्या घरात चहा मांडला होता. तो खिडकीशी कागद घेऊन उभा होता. मेहुणीवरची ही त्याची सगळ्यात लांब कविता. त्यात तिचे फिकट गाल होते, रुमालावरचा लाल ठिपका होता, अकाली मिटणारं सौंदर्य होतं. शेवटच्या कडव्यात ती जाणार होती. इथे तर बाईसाहेब मफिनवर लोणी थापत बसल्या होत्या.

"भावोजी, असं काय बघता? मेले नाही म्हणून रागावलात की काय?" फीबी खळखळून हसली.

"तसं नव्हे," जास्पर पडेल आवाजात म्हणाला. "पण गुरुवारी मंडळी ऐकायला येणार आहेत."

हेस्टर चहा ओतत होती. ती जास्परची बायको, फीबीची थोरली बहीण. बहीण बरी झाली याचा तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण कविता अडली याचा त्याहून जास्त झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. लग्न झाल्यापासून जास्परने तिच्यावर एक ओळ लिहिली नव्हती. ठणठणीत बाईवर लिहायचं तरी काय? फीबी नुसती खोकली की याच्या चार ओळी तयार! हेस्टर आतल्या आत जळत होती.

तिने कप पुढे केला. तो घेताना फीबीची बोटं तिच्या हाताला लागली.

"ताई, हात किती गार तुझा! आणि हा वास कसला?" फीबी जवळ सरकली. "व्हिनेगर? तू व्हिनेगर पितेस?"

"सगळ्याच पितात. गालांची लाली जाते."

"आणि जेवण? दंड बघ, नुसती काडी झालीय!"

"तुला काय करायचंय? तुझ्यावर झालं ना लिहून सगळं!"

एवढं बोलून हेस्टर तरातरा उठली. पण लगेच कोचावर कोसळली. ओठांचा रंग पार उडाला होता.

जास्पर वळला आणि पाहतच राहिला.

"हेस्टर," तो हलकेच म्हणाला, "हलू नकोस. अशीच राहा. किती सुंदर दिसतेस तू!"

"भावोजी, डॉक्टरांना बोलवा!" फीबी ओरडली. "हिची शुद्ध जातेय!"

जास्परने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवातही केली. फीबी स्वतःच दाराकडे धावायला निघाली, तोच हेस्टरने तिचा झगा मुठीत धरला. कित्येक दिवसांनी ती हसत होती.

"थांब गं," ती म्हणाली. "त्यांचं कडवं पुरं होऊ दे."