पाटीवरचं नाव

थोरल्या नातीचं बारसं झालं, त्या वर्षी मी पाटी हातात घेतली. मास्तर घरचेच होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते माझे यजमान.

"म्हाताऱ्या डोक्यात काय शिरणार?" मी म्हणायचे.

"मुरमाड जमिनीतही गवत उगवतं. गिरव तू," ते म्हणायचे.

नात शाळेत जाऊ लागली, तोवर मला लिहिता-वाचता येऊ लागलं आणि त्यांचं विसरणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "शिकत राहिलं तर म्हातारपणीही मेंदू थोडा पालवतो, आजी. यांचा मात्र झडत चाललाय."

एका सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. आरशासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "माझं नाव काय गं?"

लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाई सांगायच्या. मी पाटीवर लिहून दिलं, जोडाक्षरासकट, एकही चूक न करता.

त्यांनी पाटी उलटसुलट फिरवली. अक्षरं त्यांना ओळखू येईनात. "छान लिहितेस की," ते म्हणाले. "आता वाचून दाखव."

ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. "मुलांचे बाबा," मी कसंबसं म्हटलं.

"ते नातं झालं. नाव?"

मी पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांनी पाटी माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधीच विचारलं नाही.

माझे यजमान त्र्यंबक महादेव कुडतरकर त्याच वर्षी भोगीच्या दिवशी वारले.